ढग पुसलेली पृथ्वी

आभासी पृथ्वीगोलावर कोकणात पाऊस पडत नाही. गूगल अर्थ उघडून महाडवर किंवा लांज्यावर उतरा. सडे तांबूस पडलेले असतात, भातखाचरांत कापणीनंतरचे खुंट असतात, नद्यांतून वाळूचे पट्टे वर आलेले असतात. सावित्रीला पूर आलाय, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेय, असे चित्र सहसा सापडत नाही. ज्या प्रदेशाचे वर्णन पावसाला वगळून करताच येत नाही, त्याचे पावसाचे चार महिनेच या गोलावरून गायब आहेत.

कारण साधे आहे. उपग्रहावरचा नेहमीचा कॅमेरा सूर्याच्या उजेडावर चालतो, ढगाखालचे त्याला दिसत नाही, आणि जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढगांचे छतच असते. त्या दिवसांतली चित्रे निघतात, पण कामाची नाहीत म्हणून बाजूला पडतात. ऑक्टोबरनंतर आकाश निवळले की मग आपला महाराष्ट्र नोंदवला जातो. ढगांतून आरपार पाहणारे रडार-उपग्रह आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा पाणी कुठवर पसरले आहे याचे नकाशे अशा रडारचित्रांवरूनच निघत होते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला, इस्रो आणि नासा यांनी मिळून केलेला ‘निसार’ त्याच जातीचा. पण रडारचे चित्र करडे आणि खरखरीत असते, ते समजायला शिकावे लागते. गोल गरागरा फिरवून आपल्या घराचे छप्पर शोधणाऱ्यासमोर ते कोणी ठेवत नाही.

लांबून दिसणाऱ्या त्या देखण्या गोलाची गोष्ट तर आणखी मजेशीर. २०१६ साली गूगलने गोलाचे जे नवे रूप आणले, ते लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांतले जवळजवळ ७०० लाख कोटी पिक्सेल चाळून बनवले होते. एकाच जागेची निरनिराळ्या दिवसांची चित्रे घ्यायची, त्यांतले ढगांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके वगळायचे, आणि उरलेल्या ठिपक्यांवरून त्या जागेचा रंग ठरवायचा, अशी ती रीत. म्हणजे पृथ्वी अशी कधीच, कोणालाच, कोणत्याही एका क्षणी दिसलेली नाही. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ मधून घेतलेले पृथ्वीचे प्रसिद्ध छायाचित्र शेजारी ठेवून पाहा. त्यात आफ्रिकेच्या खाली ढगांची वेटोळी पसरलेली आहेत, निम्मा दक्षिण गोलार्ध त्यांनी झाकला आहे. पृथ्वी दिसते ती तशी.

आणि जवळ गेलात की ती गोधडी होते. एका तालुक्याचा तुकडा जानेवारीचा, शेजारचा दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधला. शिवण एखाद्या धरणाच्या मधून गेलेली, तिच्या अलीकडे पाणी हिरवे आणि पलीकडे जवळजवळ काळे. हे पुस्तक त्या शिवणींबद्दल आहे. कोणती कळ दाबली की काय होते हे सांगणारी माहिती इंटरनेटवर ढिगाने मिळते. तिची भर घालण्यासाठी मराठीत एक पुस्तक काढायची गरज नव्हती. जुना दस्त हातात आला की आपण आधी तारीख पाहतो, तो कोणी कशासाठी केला हे पाहतो, काय लिहायचे टाळले आहे याचा अंदाज घेतो. तेवढी चिकित्सा या चित्रांच्या वाट्याला अजून आलेली नाही, कारण ती फोटोसारखी दिसतात आणि फोटोवर आपला फार लवकर विश्वास बसतो.

आता थोडा इतिहास. अशा गोलाची कल्पना गूगलची नाही. नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या १९९२ च्या कादंबरीत ‘अर्थ’ नावाचे असेच एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी जानेवारी १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका भाषणात ‘डिजिटल अर्थ’ची कल्पना मांडली, त्यात एक लहान मुलगी संग्रहालयात जाते, डोळ्यांवर यंत्र चढवते आणि अवकाशातून पृथ्वीवर उतरत जाते. पण तोवर बर्लिनच्या ‘आर्ट+कॉम’ या मंडळींनी ‘टेराव्हिजन’ करून दाखवलेही होते. १९९४ मध्ये क्योटोच्या दूरसंचार परिषदेत लोकांनी मोठा चेंडू हाताने फिरवून पडद्यावरची पृथ्वी फिरवली. त्यासाठी लागणारे सिलिकॉन ग्राफिक्सचे यंत्र मात्र घरी न्यायच्या आवाक्यातले नव्हते. पुढे या मंडळींनी गूगलवर पेटंटचा दावा लावला. डेलावेअरच्या ज्यूरीने २०१६ मध्ये तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी अपिलातही तेच झाले. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘द बिलियन डॉलर कोड’ ही जर्मन मालिका बर्लिनकरांच्या बाजूने सांगितलेली आहे. ती जरूर पाहावी, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

खरी करामत एका तांत्रिक युक्तीत होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वीचे अख्खे चित्र कोणत्याच संगणकात मावत नाही. म्हणून ते चौकोनी तुकड्यांत कापतात. पहिल्या पायरीवर अख्ख्या जगाचा एकच तुकडा. दुसऱ्या पायरीवर त्याचे चार, मग सोळा. दर पायरीला चौपट. अशा दहा चौपटींनंतर तुकडे दहा लाखांवर जातात, वीस चौपटींनंतर एक लाख कोटींहून अधिक होतात. पण तुमच्या पडद्याला एका वेळी त्यांतले काही डझनच लागतात: नजर जिथे आहे तिथले बारीक तपशिलाचे, लांबचे जाडेभरडे. तुम्ही सरकलात की मागचे टाकायचे, पुढचे मागवायचे. सिलिकॉन ग्राफिक्समधल्या क्रिस टॅनर, मायकेल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या धर्तीची पद्धत प्रसिद्ध केली. साध्या घरगुती संगणकावर पृथ्वी उतरली ती तिच्यामुळे. खाली उतरताना चित्र आधी धूसर असते आणि मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाते, ते याच मागणी-पुरवठ्याचे दर्शन.

सिलिकॉन ग्राफिक्समधल्या या मंडळींपैकी काही जण ‘कीहोल’ या कंपनीत आले. कंपनीचे नाव अमेरिकेच्या हेरगिरी-उपग्रहांच्या मालिकेवरून घेतलेले, आणि २००३ मध्ये तिच्यात पैसे घातले ते सीआयएशी जोडलेल्या ‘इन-क्यू-टेल’ने. त्याच वर्षी इराक युद्धाच्या बातम्यांत सीएनएनने बगदादवर झेपावणारी दृश्ये दाखवली, ती कीहोलच्या ‘अर्थव्ह्यूअर’वरची. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली आणि जून २००५ मध्ये तेच सॉफ्टवेअर ‘गूगल अर्थ’ या नावाने फुकट वाटले. दोनच महिन्यांनी अमेरिकेत कतरिना चक्रीवादळ आले आणि लोक बुडालेल्या न्यू ऑर्लीन्समध्ये आपापली घरे शोधू लागले. नासाचे ‘वर्ल्ड विंड’ गूगल अर्थच्याही आधी, २००४ मध्ये, सर्वांना खुले झाले होते. ते गुणी होते, पण गूगलच्या झगमगाटात झाकले गेले.

आपल्याकडे इस्रोने ‘भुवन’ आणले १२ ऑगस्ट २००९ ला, विक्रम साराभाई यांच्या जयंतीला. दिल्लीतल्या त्या समारंभात उद्घाटन केले ते तेव्हा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या पृथ्वीराज चव्हाणांनी. वृत्तपत्रांनी लगेच ‘गूगलला भारतीय उत्तर’ असे मथळे दिले आणि भुवनचे नुकसान केले. कारण लोक तिथे झगमगाट शोधायला गेले आणि खास प्लगइन उतरवून घ्या, चित्र येण्याची वाट पाहा, यातच कंटाळले. भुवन मुळात हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या कामाची खिडकी आहे. जमीन कशी वापरली जाते, पडीक किती, दरडप्रवण उतार कुठे, रोजगार हमीतून झालेले बंधारे नेमके कुठे, असल्या थरांसाठी तिथे जावे. माझे मत विचाराल तर विद्यार्थ्याने आधी भुवनवर हात बसवावा. ते अवघडलेले आहे, पण हे चित्र अमुक उपग्रहाचे, तमुक वर्षाचे, असे ते बजावत राहते. गूगल अर्थ इतके गुळगुळीत आहे की प्रश्नच पडत नाहीत.

चित्र किती बारीक, हा पहिला प्रश्न. तो मीटरमध्ये विचारला की आपल्याला काही बोध होत नाही, म्हणून या पुस्तकात तो गुंठ्यांत मांडला आहे. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांच्या थोडा वर. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह दहा मीटरचा ठिपका देतो, म्हणजे एक ठिपका जवळजवळ बरोबर एक गुंठा. लँडसॅटचा तीस मीटरचा ठिपका सुमारे नऊ गुंठ्यांचा. जुलै १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅटचा ठिपका साधारण ऐंशी मीटरचा, म्हणजे दीड एकराहून जास्त. अल्पभूधारकाचे अख्खे शेत त्यात हरवून जाई. नियमित कामासाठीचा भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये बैकोनूरहून गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका सव्वा एकराच्या पुढे, दुसऱ्याचा तेरा गुंठ्यांचा. डिसेंबर १९९५ मधल्या आयआरएस-१सीने ५.८ मीटरवर झेप घेतली, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. त्या काळी नागरी उपयोगासाठी याहून बारीक पाहणारा दुसरा उपग्रह नव्हता, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. मग १९९९ मध्ये ‘इकोनॉस’ या खासगी अमेरिकी उपग्रहाने एक मीटर गाठला आणि विहिरीचा काठ, रस्त्यावरचा ट्रक, गोठ्याचे छप्पर सुटे सुटे दिसू लागले. गूगल अर्थवर आपल्याला गावातले घर सापडते ते अशा खासगी उपग्रहांच्या आणि शहरांत विमानांतून घेतलेल्या चित्रांमुळे. फुकट दिसणाऱ्या या चित्रांचे पैसे कोणीतरी मोजलेले असतात, आणि कुठली चित्रे घ्यायची हे ते मोजणारा ठरवतो. पुणे-मुंबईची चित्रे भराभर बदलतात. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्याचे तेच चित्र वर्षानुवर्षे राहते.

दुसरा प्रश्न उंचीचा. चित्र सपाट असते; डोंगर उभे राहतात ते वेगळ्या मोजणीतून. इथे भारताचे महासर्वेक्षण सुरू करणाऱ्या विल्यम लँबटनची आठवण काढायलाच हवी. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पायारेषा मोजली, कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून आणि बैलगाड्यांतून देशभर फिरवला, आणि काम करता करताच जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. त्याने सुरू केलेल्या त्या महासर्वेक्षणाला पुढे कित्येक दशके लागली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने साठ मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना रडार लावून अकरा दिवसांत जगातल्या सुमारे ऐंशी टक्के जमिनीची उंची मोजली. आभासी गोलावरच्या डोंगरांचा बराचसा पाया त्या अकरा दिवसांतला आहे.

पण या मोजणीची एक अट आहे: जमिनीवरच्या एका बिंदूला उंची एकच. आता हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. तो आत वळलेला आहे, त्याचा वरचा काठ पायथ्याच्या पुढे आलेला. तिथे एकाच बिंदूवर कडा आहे, खाली पोकळी आहे आणि त्याखाली पुन्हा जमीन आहे. गोलाच्या गणितात हे बसतच नाही. म्हणून सॉफ्टवेअर कड्याला उतार करून टाकते आणि त्यावर वरून घेतलेले चित्र ताणून बसवते. झाडे लांबट होतात, खडकावर रंगाचे ओघळ उतरल्यासारखे दिसतात. शिवाय, तीस मीटरवर एक अशा मोजमापांत लहान कातळटप्पे गुळगुळीत होतात. गोलावर सहज उतरता येईल अशी दिसणारी घळ प्रत्यक्षात पन्नास फुटी कातळात संपू शकते. घाटवाटा हिंडणारी मंडळी हल्ली एकमेकांना वाटांच्या फायली पाठवतात, त्या बहुधा केएमएल नावाच्या मांडणीत असतात. त्यातला ‘के’ म्हणजे ते जुने कीहोलच. फायली उत्तम, पण वाटाड्याला पर्याय नाही.

चित्र वाचायचे म्हणजे काय करायचे, हे पुस्तकात सविस्तर येईल. इथे दोन-चार वानगीदाखल. बहुतेक दूरसंवेदन उपग्रह सकाळी दहा-अकराच्या सुमारास डोक्यावरून जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो, सावल्या वायव्येकडे पडतात. सावली लांब असेल तर चित्र डिसेंबर-जानेवारीचे, पायाशी आखडलेली असेल तर एप्रिल-मेचे; तारीख नसली तरी ऋतू कळतो. याच सावलीने एक फसगतही होते. नकाशात उत्तर वर, म्हणजे उजेड चित्राच्या खालून येतो. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय. त्यामुळे सह्याद्रीच्या खोल दऱ्या एकाएकी उंच डोंगरधारांसारख्या दिसू लागतात आणि नदी धारेवरून वाहताना दिसते. चित्र उलटे, दक्षिण वर करून पाहिले की सगळे जागच्या जागी येते. मुंबईत परळच्या उंच इमारती एका तुकड्यात पूर्वेला कललेल्या आणि शेजारच्या तुकड्यात पश्चिमेला कललेल्या दिसतात, कारण दोन चित्रांच्या वेळी उपग्रह दोन वेगळ्या बाजूंना होता. विमानतळाच्या आसपास उडते विमान सापडले तर त्याच्या शेजारी त्याचीच लाल-हिरवी-निळी भुते दिसतात: उपग्रह प्रत्येक रंग क्षणाच्या वेगळ्या तुकड्यात टिपतो आणि तेवढ्यात विमान पुढे सरकलेले असते. मुलांना हे भूत एकदा दाखवावे. चित्र ‘घडते’ म्हणजे काय, हे त्यानंतर फारसे समजावून सांगावे लागत नाही.

माझ्या मते या सॉफ्टवेअरचे खरे धन पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या घड्याळात आहे. २००९ मध्ये गूगल अर्थमध्ये जुनी चित्रे पाहण्याची सोय आली. पुढे १९८४ पासूनच्या लँडसॅट चित्रांची चालती मालिकाही आली. लँडसॅटचा साठा २००८ पासून सर्वांना मोफत झाल्यामुळेच ती शक्य झाली. हे घड्याळ मागे सरकवून नवी मुंबईचे उलवे पाहा. खाडीकाठची गावे, टेकडी, वळणे घेत जाणारी नदी. पुढे या: टेकडी कापत जाते, नदीला सरळ नवे पात्र मिळते, गावांच्या जागी मातीचा सपाट पट्टा येतो, आणि मग धावपट्टी. विमानतळाच्या उद्घाटनाच्या बातम्यांत हा मधला भाग नव्हता. उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचे बुडालेले मंदिर दुष्काळी वर्षांच्या उन्हाळ्यात कसे उघडे पडते, ते शोधा. सांगोल्याकडे किंवा नाशिकच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यांचे निळे-काळे आयत वर्षागणिक वाढत गेलेले दिसतील. इथे मात्र सावध राहायचे. तळे दिसते, पाणी दिसते. ते पावसाचे साठवलेले आहे की बोअरमधून उपसून वर आणलेले, हे चित्र सांगत नाही. आणि शेततळ्यांवरच्या साऱ्या वादाचा मुद्दा तर तोच आहे.

माळीणचेही तसेच. आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर ३० जुलै २०१४ ला डोंगर उतरला, दीडशेच्या आसपास माणसे गेली. आधीच्या चित्रात घरे मोजता येतात, नंतरच्या चित्रात उतारावरून आलेला तपकिरी ओघळ आहे. वर यंत्रांनी केलेले सपाटीकरण कारण ठरले की नाही, यावर तेव्हा बरेच भांडण झाले. जुनी चित्रे त्या भांडणात उपयोगी आहेत, कारण उतारावर काय काय बदलत गेले ते त्यांत आहे. न्यायनिवाडा त्यांत नाही. आणि कधी कधी घटनाच निसटते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट ८ ने १० जूनला ते टिपलेही. पण आभासी गोलावर तेव्हा लोणार पाहायला गेलेल्या अनेकांना जुनेच हिरवे सरोवर भेटले. ताजे पाहायचे असेल तर गोल सोडून मूळ चित्रांकडे जावे लागते. लँडसॅट आणि सेंटिनेल या दोघांचीही चित्रे कोणालाही मोफत उतरवून घेता येतात.

माणसे या गोलावर काय शोधतात याचा विलक्षण नमुना म्हणजे सरू ब्रायर्ली. १९८६ मध्ये पाच वर्षांचा हा खांडव्याचा मुलगा बुऱ्हाणपूर स्थानकावर चुकला, गाडीत झोपला आणि कोलकात्याला पोहोचला. तिथून दत्तक म्हणून टास्मानियात गेला. त्याला गावाचे नाव धड आठवत नव्हते. आठवत होते ते ‘ब’ने सुरू होणारे स्थानक, पाण्याची टाकी, रुळांवरचा पूल. मोठेपणी त्याने कोलकात्यातून निघणारे रेल्वेमार्ग गूगल अर्थवर एकेक करून मागे मागे तपासले आणि २०११ मध्ये बुऱ्हाणपूर, मग खांडवा सापडले. पुढच्या वर्षी तो आईला भेटला. ‘लायन’ या चित्रपटामुळे ही कथा सर्वांना ठाऊक झाली. पण चित्रपटात जे फारसे दिसत नाही ते म्हणजे रात्रीमागून रात्री रुळांवर नजर ठेवून केलेली ती कंटाळवाणी मोजदाद. सॉफ्टवेअरने त्याला रूळ दिले. स्थानक ओळखले त्याच्या आठवणीने. इजिप्तच्या वाळवंटातले कामिल नावाचे ४५ मीटरचे उल्काविवर २००८ मध्ये एका इटालियन अभ्यासकाला गोलावर दिसले, मोझांबिकमधले माबू डोंगरावरचे जंगल शास्त्रज्ञांना असेच सापडले. दोन्ही ठिकाणी पुढे माणसे जाऊन आली, म्हणून ते शोध ठरले.

उलटही घडते. कोरल समुद्रात न्यू कॅलेडोनियाजवळ ‘सँडी आयलंड’ नावाचे बेट गूगल अर्थवर दिसत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ‘सदर्न सर्व्हेअर’ हे संशोधन-जहाज तिथे गेले. बेट नाही, खाली हजार मीटरहून खोल पाणी. १८७६ मधल्या एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाच्या नोंदीपासून ती चूक सागरी नकाशांत चालत आलेली, तिथून किनाऱ्यांच्या संगणकीय नोंदींत शिरलेली आणि तिथून गोलावर. उपग्रहचित्र आहे म्हणून ते आकाशातूनच पाहिलेले असेल, असे नसते.

सत्तेचा विषय टाळता येणार नाही, पण तो लवकर आटोपतो. ऑक्टोबर २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी अशा बारीक चित्रांच्या सुरक्षाधोक्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात गूगल अर्थविरुद्ध याचिकाही आली. बंदीने फारसे साधले नसते असे मला वाटते. ती चित्रे विकत तर मिळतच होती. कायद्याने दृष्टी अधू करता येते हे मात्र खरे. अमेरिकेच्या १९९६ च्या एका तरतुदीमुळे इस्रायल आणि पॅलेस्टिनी भागाची चित्रे २०२० पर्यंत मुद्दाम जाडीभरडी ठेवली जात, आणि गाझातली पडलेली घरे मोजणाऱ्यांना त्याचा त्रास झाला. सीमारेषा तर पाहणारा कुठल्या देशातून पाहतो त्यावर बदलतात. काश्मीरची रेषा भारतातून वेगळी, बाहेरून वेगळी. आपल्या देशात नकाशांवरचे परवान्यांचे जुने जोखड १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरेच सैल केले. त्यानंतरच, २०२२ मध्ये, गूगलची रस्त्यावरची दृश्ये मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरसह दहा शहरांत आली, तीही भारतीय कंपन्यांच्या मार्फत.

गावपातळीवरच्या वाचकासाठी एक इशारा. बांधाच्या भांडणात मोबाइलवरचे उपग्रहचित्र पुढे करणारे आता गावोगावी आहेत. चित्र जमिनीवर बसवताना काही मीटर इकडेतिकडे सरकलेले असू शकते, आणि त्यावर आखलेली गटाची रेषा जुन्या कागदी नकाशावरून उतरवलेली असते, तिची स्वतःची चूक वेगळी. दोन चुका एकमेकींवर ठेवून निघालेला बांध खरा धरू नये. भूमी अभिलेखची मोजणीच चालते. चित्राने कळते ते एवढेच की अमुक साली बांधावर झाडे होती आणि नंतर नाहीत. तेही पुष्कळदा पुरते.

पुढच्या प्रकरणांसाठी संगणक असेल तर गूगल अर्थ प्रो उतरवून घ्यावे. पूर्वी वर्षाला ३९९ डॉलरला मिळणारे हे सॉफ्टवेअर २०१५ पासून फुकट आहे, आणि जुन्या चित्रांची पट्टी त्यात वापरायला सोपी आहे. नुसता मोबाइल असेल तरी बरेचसे सराव करता येतील. पुस्तक वाचायला घेण्याआधी एक काम करा: आपले गाव किंवा पेठ उघडा, काळाची पट्टी एकेक खूण मागे सरकवा आणि खाली दिसणारी प्रत्येक चित्राची तारीख वहीत उतरवा. कुठल्या महिन्यांची चित्रे आहेत, कुठली वर्षे सलग आहेत, कुठे तीन-चार वर्षांची फट आहे. पहिले प्रकरण त्या यादीपासून सुरू होते.